शाळेत काउन्सिलर व्हायचंय, पण लायसन्स कुठे मिळतं?

कळव्याहून एका मुलीचा प्रश्न आलाय. थोडक्यात असा: "मानसशास्त्र घेऊन बी.ए. झालं. शाळेत काउन्सिलर व्हायचंय. माझी मावशी न्यू जर्सीला असते, ती म्हणते तिकडे मास्टर्स आणि लायसन्स असल्याशिवाय शाळेत कोणी उभंही करत नाही. इथे एक जण सांगतो सहा महिन्यांचा डिप्लोमा पुरे, दुसरा म्हणतो आरसीआय नंबर नसेल तर सगळं फुकट. मी मराठी माध्यमातली. ताई, नेमकं काय करू?"

माझी लेक तुझ्याहून वर्षभराने मोठी, म्हणून अगं-तुगं करते. ठाण्यात आणि नवी मुंबईत मिळून एकोणीस वर्षं मी हे काम केलं. आधी एका मराठी माध्यमाच्या अनुदानित शाळेत, मग खाडीपलीकडच्या सीबीएसई शाळांत. हल्ली नव्याने या कामात आलेल्या मुलामुलींच्या केसेस ऐकते, म्हणजे सुपरव्हिजन करते.

सरळ उत्तर आधी देते. आज आपल्याकडे शाळेत काउन्सिलर म्हणून बसायला लायसन्सची सक्ती नाही. हे वाचून हुश्श करू नकोस. याचा अर्थ इतकाच, की तुझ्यासमोर मूल आणून बसवण्याआधी तुला कोणी तपासणार नाही. ती तपासणी तुलाच मागून घ्यावी लागते.

आरसीआयचं उरकून टाकते. आरसीआय म्हणजे भारतीय पुनर्वास परिषद, 1992 च्या कायद्याने आलेली. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, स्पेशल एज्युकेटर वगैरेंची नोंदणी तिथे होते. तुला मुलांचं निदान करायचं असेल, रिपोर्टवर सही करायची असेल, तर तो रस्ता वेगळा आणि लांबचा आहे. शाळेत काउन्सिलर व्हायला तो नंबर लागत नाही. दुसरा कायदा 2021 चा, संलग्न आरोग्य व्यवसायांसाठीच्या राष्ट्रीय आयोगाचा. क्लिनिकल सोडून बाकीचे मानसशास्त्रज्ञ आणि काही प्रकारचे काउन्सिलर त्याच्या यादीत आहेत. त्याचा एक परिणाम तुझ्या दारापर्यंत आलाय. विद्यापीठांवर देखरेख ठेवणाऱ्या यूजीसीने 2025 च्या जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून मानसशास्त्राचे अभ्यासक्रम दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने चालवायला मनाई केली. आमच्या पिढीतल्या कितीतरी शिक्षिकांनी संसार सांभाळून इग्नू या मुक्त विद्यापीठातून एम.ए. केलं. तुझ्या ओळखीच्या कोणी ताईने "मी घरी बसून केलं, तूही कर" असं सांगितलं, तर ते दार आता बंद आहे. कॉलेजात जाऊनच करावं लागेल.

आता शाळा काय मागतात ते. सीबीएसईच्या 2018 च्या संलग्नता नियमांत माध्यमिक आणि उच्च माध्यमिक शाळेला पूर्णवेळ काउन्सिलर नेमायला सांगितलं होतं; नववी ते बारावीत 300 पेक्षा कमी मुलं असतील तर अर्धवेळ चालायचा. पात्रता अशी होती: मानसशास्त्रातली पदवी किंवा पदव्युत्तर पदवी, बालविकासातली पदव्युत्तर पदवी, नाहीतर कुठलीही पदवी आणि वर करिअर गायडन्स व काउन्सेलिंगचा डिप्लोमा. नीट वाच. या ओळीनुसार तू, नुसता बी.ए.चा निकाल हातात घेऊन, पात्र ठरली असतीस. तुला भीती वाटली का? मला वाटते. हे नियम 2026 मध्ये बदललेत आणि बदलत राहतात, तेव्हा अर्ज करायच्या दिवशी बोर्डाची ताजी प्रत उघडून बघ.

राज्य मंडळाच्या अनुदानित शाळेत, निदान मी जिथे होते तिथे, संचमान्यतेत, म्हणजे सरकारने मंजूर केलेल्या पदांत, हे पदच नव्हतं. संस्था आपल्या खिशातून मानधन द्यायची आणि माझं नाव मस्टरच्या मागच्या पानावर असायचं. 25 जुलै 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने, विशाखापट्टणमला नीटची तयारी करणाऱ्या एका मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात, 100 किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थांनी किमान एक प्रशिक्षित काउन्सिलर, सायकॉलॉजिस्ट किंवा सोशल वर्कर नेमावा असं सांगितलं. तेव्हापासून मला शाळांचे फोन वाढलेत. "मॅडम, कोणी आहे का? आठवड्यातून एकदा आली तरी चालेल. इन्स्पेक्शन आहे." हा सूर ओळखायला शीक.

मावशी म्हणते ते बरोबर आहे, फक्त शब्द राज्यागणिक बदलतो. ओहायोत लायसन्स, न्यू जर्सीत सर्टिफिकेट, कॅलिफोर्नियात क्रेडेन्शियल. देतं त्या राज्याचं शिक्षण खातं किंवा शिक्षकांना परवाने देणारी सरकारी संस्था, कारण तिकडे स्कूल काउन्सिलर हा शाळेच्या व्यवस्थेतला माणूस मानतात. खाजगी क्लिनिकच्या काउन्सिलरचं लायसन्स निराळं. पण मावशीने तुला कागदाचं नाव सांगितलं, त्यामागचा हिशोब नाही सांगितला. तिकडच्या कॅक्रेप या संस्थेची मान्यता असलेल्या मास्टर्समध्ये आधी 100 तासांचं प्रॅक्टिकम, म्हणजे देखरेखीखालचा सराव, असतो, त्यातले 40 तास प्रत्यक्ष माणसासमोर. मग 600 तासांची इंटर्नशिप, त्यातले 240 प्रत्यक्ष. आणि या सगळ्या काळात आठवड्याला सरासरी एक तास कोणीतरी जाणता माणूस तुझ्यासोबत बसून तू काय केलंस ते तपासतो, शिवाय गटात दीड तास. म्हणजे 700 तास, आणि ते सगळे दुसऱ्याच्या नजरेखालचे.

आपल्याकडे नव्या शैक्षणिक धोरणानंतर एम.ए.च्या पहिल्या वर्षात ऑन जॉब ट्रेनिंगला 4 क्रेडिट आलेत, म्हणजे साधारण 120 तास. काही विभागांत प्रॅक्टिकम वेगळं असतं, ते धरून आकडा वाढतो. पण माझ्याकडे अशा एम.ए. झालेल्या मुली आल्यात, की ज्यांनी ते तास शाळेच्या बोर्डावर पोस्टर लावण्यात आणि हजेरी घेण्यात घालवले. प्रमाणपत्रावर 120 तासच. म्हणून कुठल्याही कोर्सच्या चौकशीला गेलीस तर फी आणि प्लेसमेंटच्या आधी एकच प्रश्न विचार: माझी सेशन्स कोण ऐकणार? त्या माणसाचं नाव सांगा, आणि आठवड्यातून किती वेळ? "आमची फॅकल्टी खूप सपोर्टिव्ह आहे" हे उत्तर आलं तर चहा पिऊन घरी ये.

सुपरव्हिजन म्हणजे काय, हे मला एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी कळलं. वर्गातल्याच मैत्रिणीला विद्यार्थी करून, तिच्या परवानगीने टेपरेकॉर्डर लावून सेशन घ्यायचं आणि ते शब्दन् शब्द उतरवून आमच्या शिकवणाऱ्या बाईंना द्यायचं. मी छान सुवाच्य अक्षरात अकरा पानं लिहिली. बाईंनी लाल पेन्सिल घेतली आणि काही न बोलता माझ्या प्रत्येक "का"भोवती गोल काढायला लागल्या. असं का वाटलं? मग सांगितलं का नाहीस? अभ्यास का होत नाही? पाचव्या पानापर्यंत मला माझं अक्षर दिसेनासं झालं. शेवटी म्हणाल्या, "सव्वीस मिनिटांत एकोणीस वेळा का. ही काउन्सेलिंग रूम आहे की वागळे इस्टेटची पोलीस चौकी?" मग त्यांनी टेप मागे घेतली आणि एक जागा ऐकवली. मैत्रीण बोलता बोलता थांबली होती, श्वास आत घेतला होता, आणि नेमकी तिथे मी पुढचा प्रश्न टाकला होता. "ती इथे सांगणार होती," बाई म्हणाल्या. टेपवर तो श्वास स्पष्ट ऐकू येतो. मी स्वतः लिहून काढताना तो लिहिलाच नव्हता.

हे कुठल्याही पुस्तकातून येत नाही. पुस्तकात "मौनाचा वापर" असा अर्ध्या पानाचा मुद्दा असतो, परीक्षेला पाच मार्कांना येतो.

बरं, कुठे जायचं. कळव्याहून रोज जमेल असं सांगते. कलिनाला मुंबई विद्यापीठाचा उपयोजित मानसशास्त्र विभाग आहे, कुर्ल्याला उतरून बस. तिथे काउन्सेलिंगचं स्पेशलायझेशन बघ. चर्चगेटला एसएनडीटी आहे, मुलींसाठीच. बाल आणि मानव विकासाकडे तुझा ओढा असेल तर त्यांचं तेही शिक्षण विचारात घे, कारण शाळेत तुझ्यासमोर बसणारं माणूस अकरा वर्षांचं असतं आणि मोठ्यांचं मानसशास्त्र त्याला लहान मापात कापून चालत नाही. देवनारला टिस, म्हणजे टाटा समाजविज्ञान संस्था. कुर्ल्याला हार्बर पकडून गोवंडी. प्रवेश सीयूईटी-पीजी या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेतून होतो, चुरस मोठी, पण फील्डवर्क कसून करून घेतात.

एक आडवाटेचा सल्ला देते, काही जणांना पटणार नाही. एमएसडब्ल्यूचाही, म्हणजे समाजकार्यातल्या मास्टर्सचाही विचार कर. टिस किंवा मरीन लाइन्सच्या निर्मला निकेतनसारख्या ठिकाणी आठवड्यातले दोन दिवस फील्डवर्क असतं, प्रत्येक दिवसाचं रेकॉर्डिंग लिहून द्यावं लागतं आणि त्यावर फॅकल्टीबरोबर एकेकट्याची बैठक होते, मुलं तिला "आयसी" म्हणतात. मावशीच्या देशातल्या त्या आठवड्याच्या एका तासाला आपल्याकडे सगळ्यात जवळ जाणारी हीच गोष्ट आहे. शिवाय वडील दारू पितात म्हणून मूल शाळेत झोपतं, हे सोशल वर्करला पहिल्या दिवशी दिसतं. अडचण एवढीच, की सीबीएसईच्या त्या 2018 च्या पात्रतेच्या ओळीत नुसतं एमएसडब्ल्यू बसत नव्हतं, वर डिप्लोमा लागायचा. पण तुझी बी.ए. मानसशास्त्रातलीच आहे, तेव्हा तू दोन्हीकडून सुटतेस.

डिप्लोम्यांत मी एनसीईआरटीचा मानते. एका वर्षाचा आहे: पहिले सहा महिने घरून अभ्यास, मग तीन महिने प्रत्यक्ष वर्ग, शेवटचे तीन महिने आपल्या गावी इंटर्नशिप. महाराष्ट्रासाठी केंद्र भोपाळची प्रादेशिक शिक्षण संस्था. नोकरीतल्या शिक्षकांना डोळ्यासमोर ठेवून आखलेला आहे, पण मानसशास्त्रात एम.ए. झालेल्यांनाही घेतात. तीन महिने भोपाळला राहायचं म्हटलं की निम्म्या घरांत नाही म्हणतात, तेवढं धरून चाल. वीकेंडच्या आणि झूमवरच्या सहा महिन्यांच्या डिप्लोम्यांबद्दल माझं मत विचारू नकोस. ठाण्यातच शिकत राहायचं तर आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे, डॉ. आनंद नाडकर्णींनी 1990 साली सुरू केलेली. त्यांचे प्रशिक्षणाचे कार्यक्रम होतात, आणि मानसिक आरोग्यावर मराठीत कसं बोलायचं हे कान तयार करायला ती जागा चांगली. मी स्वतः तिथे श्रोत्यांत बसून खूप उचललंय.

बी.एड.? शाळा विचारतात, कारण बी.एड. असलेल्या काउन्सिलरला तास देता येतात. आणि इथे तुझी खरी लढाई आहे. इंग्रजीच्या बाई रजेवर गेल्या की प्रॉक्सीला, म्हणजे बदली तासाला, पहिलं नाव काउन्सिलरचं. मी एका वर्षी सातवी ब ला जवळजवळ अख्खा भूगोल शिकवला. मधल्या सुट्टीत जो पोरगा माझ्याकडे रडून गेला, त्यालाच पुढच्या तासाला "वही का नाही आणली" म्हणून उभं करायचं. तो परत येईल का? नेमणुकीच्या पत्रात "समुपदेशनाव्यतिरिक्त वर्गतास नाहीत" अशी ओळ मागून घे. देणार नाहीत. तरी माग, निदान प्रॉक्सीला हात आखडता घेतात. करार अकरा महिन्यांचा आहे की बारा, आणि मे महिन्याचा पगार मिळणार का, हेही तेव्हाच विचार. लाजू नकोस. माझा पहिला पगार साडेपाच हजार होता आणि मे चा नव्हता.

माझी एक चूक सांगते. दुसरंच वर्ष होतं. आठवीतली एक मुलगी येऊन बसायची, आईबाबांचं घटस्फोटाचं चाललं होतं. क्लास टीचर काळजीने विचारत होत्या, "काय गं झालंय तिला, मार्क घसरलेत." मी सांगितलं. सगळं नाही, दोन वाक्यं. "घरी जरा प्रॉब्लेम आहे, आईबाबा वेगळे होतायत." हेतू चांगला होता, बाईही चांगल्याच होत्या. मधल्या सुट्टीत डबे उघडले आणि स्टाफरूममध्ये ते टेबलावर आलं. चौथ्या तासाला चित्रकलेच्या सरांनी तिला प्रेमाने विचारलं, "बाळा, बाबांची आठवण येते का?" ती मुलगी त्यानंतर दहावी होईपर्यंत माझ्या खोलीत आली नाही. कॉरिडॉरमध्ये समोर दिसले की पाण्याच्या टाकीकडे वळायची.

मी ते सुपरव्हिजनला नेलं तेव्हा माझ्या सुपरव्हिजनच्या बाई रागावल्या नाहीत. त्यांनी मला क्लास टीचरला काय सांगता आलं असतं, ते वाक्य तयार करायला लावलं. अर्धा तास गेला. शेवटी जे निघालं ते मी आजही वापरते: "ती माझ्याकडे येते. तिला दोन आठवडे गृहपाठात सवलत लागेल आणि शेवटच्या बाकावरून पुढे आणा. कारण विचारू नका, मला सांगता येणार नाही." शिक्षकाला काय करायचं ते कळतं, कारण मुलीपाशीच राहतं.

याची दुसरी बाजू तितकीच पक्की हवी. मूल म्हणेल, "मॅम, प्रॉमिस करा कोणालाच सांगणार नाही." हे वचन कधीही द्यायचं नाही. मी पहिल्याच भेटीत सांगते: तू स्वतःला इजा करणार असशील, दुसऱ्याला करणार असशील किंवा कोणी तुला करत असेल, तर मला मोठ्यांना सांगावं लागेल, बाकी सगळं या खोलीत. लैंगिक अत्याचाराचं काही कळलं तर 2012 च्या पॉक्सो कायद्याचं कलम 19 तुला पोलिसांकडे कळवायला बांधून घेतं, न कळवणं हा कलम 21 खाली गुन्हा आहे. "आधी ट्रस्टींची मीटिंग होऊ दे, शाळेच्या नावाचा प्रश्न आहे" हे मी एका शाळेत ऐकलंय. कायद्यात अशी मीटिंग नाही. त्या दिवशी मी ऑफिसातूनच फोन केला, आणि पुढच्या वर्षी माझा करार वाढला नाही. मुलांच्या मदतीसाठी चाइल्डलाइनचा 1098 आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसचा 14416 हे दोन नंबर माझ्या खोलीच्या दाराला आतल्या बाजूने चिकटवलेले असतात, मूल उठून जाताना दिसतील असे. कुठल्याही एम.ए.त जाशील तिथे विचार, पॉक्सोवर किती तास आहेत. एकच गेस्ट लेक्चर असेल तर ती उणीव तूच भरून काढ.

आता तुझं मराठी माध्यम. एम.ए.ची पुस्तकं इंग्रजीत आहेत, पहिले सहा महिने डोकं दुखेल, नंतर सवय होते. त्यापलीकडे हा तुझा तोटा नाही. गेल्या वर्षी माझ्याकडे एक शिकाऊ मुलगी होती, कॉन्व्हेंटची, हुशार, वाचन दांडगं. एका पालिका शाळेत पाचवीतला मुलगा तिच्यासमोर होता. शाळा सुटायच्या वेळी रोज पोट दुखतं म्हणायचा, डॉक्टरांना काही सापडत नव्हतं. तिने विचारलं, "तुला घरी जाताना कसं फील होतं?" तो म्हणाला, "बरं." "सॅड वाटतं की अँग्री?" "बरं." तीन भेटी बरं, बरं, बरं. ती माझ्याकडे रडवेली होऊन आली, की मूल रेझिस्टंट आहे. मी म्हटलं, पुढच्या वेळी फीलिंगला हात लावू नकोस, पोटाबद्दल विचार. तिने विचारलं, "शाळेची घंटा होते तेव्हा पोटात काय होतं रे?" तो लगेच म्हणाला, "गोळा येतो." "केवढा?" त्याने मूठ दाखवली. "रविवारी येतो?" "रविवारी पप्पा गावाला असतात. तेव्हा नाही येत."

आपली मुलं असंच बोलतात. कसंतरी होतं, जीव घाबरा होतो, हातपाय गळतात, डोक्यात मुंग्या येतात. हे शब्द तुझ्या कानावर आजीपासून पडलेत. एक वही कर आणि मुलांच्या तोंडचे असे शब्द लिहीत जा, कोण म्हणालं ते न लिहिता.

शेवटचं, तू विचारलं नाहीस पण विचारशील: बुद्ध्यांकाच्या टेस्टचं किट विकत घेऊ का, म्हणजे शाळेत वजन पडेल? नको. बिने-कामत असो की आणखी काही, ती शिकून, देखरेखीखाली वापरायची गोष्ट आहे. लर्निंग डिसअॅबिलिटीच्या सवलतींसाठी शाळेतल्या काउन्सिलरची सही चालतही नाही. त्या मुलाला सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या सरकारमान्य केंद्रात पाठवावं लागतं. तुझं काम त्याला वेळेत, म्हणजे नववीतच पाठवायचं आणि आईवडिलांना तिथल्या फेऱ्यांसाठी तयार करायचं. किटचे पैसे ठेवून दे. नोकरीच्या पहिल्या वर्षी, कॉलेज संपलेलं असताना, महिन्यातून दोनदा कोणापुढे तरी केसेस मांडायच्या असतील तर बहुतेक ठिकाणी फी पडते, ती त्यातून जाईल.